जिनेवाला बंगला: बांद्र्यातलं एक घर पडता पडता कसं राहिलं

आधीच सांगून टाकतो, घर नेमकं कुठलं ते ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत, माणसांची नावं तर कुठेच नाहीत. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, या घरात दुसरा ऑडिट करायला गेलो आणि पुढची पावणेदोन वर्षं तिथेच अडकलो. चुका झाल्या त्यातल्या दोन सरळसरळ माझ्या आहेत, त्या जिथे झाल्या तिथे लिहिल्यात.

## पार्श्वभूमी

बांद्रा म्हटलं की लोकांना पाली हिल आणि बँडस्टँडचे बंगले दिसतात. पण त्या सगळ्याच्या आत गावठाणं आहेत, रानवर, चिंबई, पाली, शेर्ली, आणि तिथे ईस्ट इंडियन लोकांची जुनी घरं अजून तग धरून आहेत. हे लोक मूळचे इथलेच, त्यांची मूळची बोली मराठीच, 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ चं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षात त्यांनी घेतलं, गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे हे इंग्रजांना कळावं म्हणून.

आपलं घर असंच एका गावठाणात, साधारण १९२६ चं. आताच्या मालकांचे आजोबा रेल्वेत होते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतून माणसं इकडे सरकायला लागली, भाडेकरू मिळायला लागले, तेव्हा त्यांनी कर्ज काढून दोन मजले चढवले. खालचा मजला काळ्या दगडाचा, वरचा विटा आणि बर्मा सागाची चौकट, वर मंगलोरी कौलं. आणि पुढून, गल्लीतूनच वर चढणारा लाकडी जिना, हिरवा, मध्ये एक वळण घेऊन वरच्या व्हरांड्यात जातो, वळणावर छोटासा कट्टा आणि कौलांच्या कडेला लाकडी झालर. रिक्षावाल्याला पत्ता सांगायची गरजच नाही, 'जिनेवाला बंगला' म्हटलं की झालं. रविवारी सकाळी प्री-वेडिंगवाले येतात, मुलगी वळणावर बसते, मुलगा खाली उभा राहतो, फोटोग्राफर समोरच्या स्कूटरवर चढतो.

वर राहतात त्या रिटायर्ड शिक्षिका, वय तेव्हा ७८, लग्न केलेलं नाही, अख्खी गल्ली त्यांना टीचर म्हणते म्हणून मीही टीचर. खाली अर्ध्या भागात १९६० च्या दशकापासूनचे भाडेकरू, टेलरिंगचं दुकान, भाडं महिना १८० रुपये. बाकीचा अर्धा भाग म्हणजे अडगळ.

मालकी अशी. वडील मृत्युपत्र न करता गेले, आई आधीच गेलेली, त्यामुळे इंडियन सक्सेशन अॅक्ट १९२५ प्रमाणे तिघा भावंडांचा सारखा वाटा. टीचर, कॅनडातला भाऊ आणि वसईला दिलेली धाकटी बहीण. बहीण वारली, तिचा वाटा तिच्या दोन मुलांकडे. प्रॉपर्टी कार्डावर मात्र अजूनही आजोबाच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आपटलंय.

## अडचण

जून २०२२, पहिल्याच मोठ्या पावसात झालरीचा चार फुटांचा तुकडा खाली पार्क केलेल्या स्कूटरवर पडला. कुणाला लागलं नाही. वसईच्या मोठ्या भाच्याने ते मनावर घेतलं आणि त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही, त्याच जिन्यावर त्याची पोरं खेळायची. त्याने ओळखीच्या बिल्डरला विचारलं, बिल्डरने त्याचा इंजिनिअर दिला, ऑगस्टमध्ये रिपोर्ट आला, सी-१.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महापालिका जुन्या इमारतींचे वर्ग पाडते. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, लागलं तर थोडा भाग पाडा. सी-२बी म्हणजे लोक आत राहून स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ किरकोळ. सी-१ चा रिपोर्ट वॉर्ड ऑफिसला गेला की महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस येते आणि मग पाणी-वीज तोडायच्या गोष्टी सुरू होतात.

नोटीस सप्टेंबरात आली, माउंट मेरीच्या जत्रेच्या आठवड्यात, गल्लीत मेणबत्त्यांचे स्टॉल लागलेले आणि टीचर हातात तो कागद घेऊन वळणावरच्या कट्ट्यावर बसलेल्या. मला फोन त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने केला, तो माझा कॉलेजचा मित्र.

मी तो रिपोर्ट वाचला आणि दुसऱ्या पानावरच थांबलो. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिकची रीडिंग्ज दिलेली होती, छान टेबल करून, सरासरी काढून, आणि निष्कर्ष काय तर 'काँक्रीटची ताकद अपुरी'. अहो, या दोन्ही टेस्ट काँक्रीटच्या, आणि या घरात काँक्रीट म्हणजे फक्त मागच्या संडास-मोरीची स्लॅब, १९८० च्या आसपास कुणीतरी जोडलेली. ती खरंच वाईट होती, सळया बाहेर आलेल्या. म्हणजे मोरी मोजली आणि बंगला नापास केला.

पण म्हणून घर ठणठणीत होतं असंही नाही. लाकडाला टेस्ट साधी असते, हातोडीने वाजवायचं आणि टोचणीने टोचायचं. चांगला साग टणटण वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. वरच्या मजल्याच्या ११ तुळयांपैकी ४ तुळयांची भिंतीत गेलेली टोकं भद्द. टोचणी दोन इंच लोण्यासारखी आत. मधला भाग मात्र असा की खिळा वाकेल. कारण भिंतीतच होतं, त्याच १९८० च्या सुमारास बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलेलं. मुळातली भिंत चुन्याची, ती पावसात पाणी पिते आणि उन्हात सोडते, मुंबईत वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की पाणी आतच राहतं, भिंतीला लोणा चढतो आणि तुळईची टोकं त्या ओलीत बसून कुजतात. चाळीस वर्षं लागतात पण होतं.

## समोर काय काय होतं

एक, बिल्डर. पाडायचं, वर मजले चढवायचे, तिन्ही वाट्यांना एकेक फ्लॅट आणि टेलरला दुकान. ऐकायला बरं, पण गल्ली अकरा फुटांची, तिथे फायर इंजिन शिरत नाही, त्यामुळे बिल्डरचं गणित शेजारचे दोन प्लॉट मिळाले तरच बसत होतं. ते कधी मिळणार याची तारीख कागदावर कुठेच नव्हती. तोवर दुसरीकडे राहायच्या भाड्याची रक्कम होती, तीसुद्धा 'काम सुरू झाल्यापासून'.

दोन, सरळ विकायचं. कॅनडावाल्या भावाचं मत हेच, आणि त्याचंही बरोबर होतं, तो पंचाहत्तरीचा, मुलं इकडे येणार नाहीत. पण कार्डावर आजोबांचं नाव, वर भाडेकरू, त्यामुळे येणारा प्रत्येक जण भाव पाडूनच बोलायचा.

तीन, मन्नत मॉडेल. टीचरच्या भाचेसुनेने सुचवलं आणि मी हसलो नाही, कारण तो खरंच एक मार्ग आहे. मन्नत म्हणजे जुना व्हिला व्हिएन्ना, ग्रेड तीनचा हेरिटेज बंगला, पुढे तो तसाच ठेवून मागे उंच इमारत बांधली. पण त्याला मागे जागा लागते. आपल्याकडे मागे मोरी आणि एक फणस.

चार, हेरिटेज म्हणून काही मदत. इथे जरा थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घराच्या मालकाचा यात गोंधळ असतो. मुंबईचे हेरिटेजचे नियम १९९५ चे, यादीत नाव असेल तर ग्रेडप्रमाणे बंधनं येतात आणि बंधनांमुळे जे बांधता येत नाही त्याबद्दल टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मागता येतो. २०१२ मध्ये ९४८ वास्तू आणि परिसरांची नवीन यादी हरकतींसाठी जाहीर झाली तेव्हा शिवाजी पार्कपासून इथपर्यंत गदारोळ झाला, घर अडकणार, भाव पडणार, आणि या कुटुंबानेही तेव्हा हरकतीच्या पत्रावर सही केली, टीचरनी स्वतः. म्हणजे घर यादीबाहेर, आता ना संरक्षण ना टीडीआर. मग म्हाडाचं दुरुस्ती मंडळ? ते सेस, म्हणजे दुरुस्तीसाठीचा खास कर, भरणाऱ्या इमारतींसाठी, आणि सेस फक्त शहरात, उपनगरात नाही. लेडी जमशेटजींनी १ लाख ५७ हजार रुपये दिले तेव्हा कुठे १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे पुरा झाला आणि बांद्रा मुंबईला जोडलं गेलं, दुरुस्तीच्या पैशांच्या बाबतीत मात्र खाडी अजून तशीच आहे.

पाच, दुरुस्ती करून राहायचं आणि काही भाग भाड्याने देऊन खर्च काढायचा.

आणि एक सहावा जो कुणी मांडलाच नव्हता. ऑक्टोबरात एक अँटिकवाला आला, त्याला घर नको होतं, जिना, झालर आणि आठ दरवाजे हवे होते, कर्जतच्या एका फार्महाऊससाठी. रोख आकडा सांगितला. टीचर जवळजवळ हो म्हणाल्या. मला म्हणाल्या, "बाळा, जिना तरी कुठेतरी जिवंत राहील ना." तो दिवस मला आठवतो कारण माझ्याकडे तेव्हा काही उत्तर नव्हतं, मी फक्त म्हटलं टीचर, पंधरा दिवस थांबा, माझा रिपोर्ट येऊ दे.

## काय केलं

माझा रिपोर्ट सी-२ए आला. मागची मोरी पाडा, टेलर आणि टीचर दोघांना काही महिने हलवा, तुळया-छप्पर दुरुस्त करा. एकाच घराचे दोन उलटसुलट रिपोर्ट असले की प्रकरण महापालिकेच्या टेक्निकल अॅडव्हायझरी कमिटीकडे जातं. तिथे मी मोठं भाषण वगैरे दिलं नाही, भद्द वाजणाऱ्या तुळईचं टोक कापून नेलं होतं आणि त्याच तुळईचा मधला तुकडाही, दोन्ही टेबलावर ठेवले. जानेवारी २०२३ मध्ये सी-२ए मान्य झालं.

आणि इथे माझी पहिली चूक.

जानेवारी म्हणजे पावसाला चार महिने. कौलं उतरवायची तर आत्ताच, नाहीतर ऑक्टोबर. भावाने फोनवर सांगितलं करा, पैसे पाठवतो, भाचे म्हणाले बघू. कागदावर काही नाही. मी टीचरना म्हटलं सह्या होत राहतील, आपण काम सुरू करू, पाऊस थांबणार नाही. फेब्रुवारीत बांबू लागले, टेलर समोरच्या गल्लीत भाड्याच्या गाळ्यात, टीचर भाचीकडे मालाडला. मार्चमध्ये भावाने विचारलं की मी पैसे घालतोय पण उद्या विकलं तर माझे पैसे आधी परत मिळणार का? अगदी साधा प्रश्न. त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि मोठा भाचा म्हणाला मग मी कशावरच सही करत नाही. पैसे थांबले. छप्पर अर्धं उघडं.

२०२३ चा अख्खा पावसाळा ते घर निळ्या ताडपत्रीखाली काढलं. जुलैत एका रात्री ताडपत्री फाटली, मी डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून गेलो तर वरच्या खोलीत घोट्याएवढं पाणी आणि टीचरच्या आईची शिसवी अलमारी त्यात उभी. ती अलमारी गेली. टीचर मला काहीच बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

सप्टेंबरात करार झाला, वकिलाने नाही तर चर्चच्या फादरनी सगळ्यांना एका व्हिडिओ कॉलवर बसवलं तेव्हा. करार साधा. टीचर हयात असेपर्यंत तिथे राहणार. ज्याने जेवढे पैसे घातले ते विक्री झाली तर आधी परत, मग वाटे. भाडं येईल त्यातून आधी दुरुस्तीचा फंड, उरलं तर वाटप. दहा वर्षं विकायचं नाही, नंतर तीनपैकी दोन वाटे म्हणतील तसं. मोठ्या भाच्यासाठी वेगळं कलम, दर दोन वर्षांनी ऑडिट, आणि इंजिनिअर तो निवडणार. रजिस्टर केलं, प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं चढवायला टाकली. मग पैसे सुटले.

काम ऑक्टोबरपासून परत. चार तुळयांची कुजलेली टोकं कापून जुन्या सागाचे नवे तुकडे सांधले, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. लाकूड वखारीतून, पाडलेल्या चाळींचा बर्मा साग तिथे मिळतो, नव्या सागाला तो दाणाच नसतो. भिंतीचं सिमेंट छिन्नीने सोललं. चुना तीन आठवडे भिजत घातला, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून, राजस्थानचा मिस्त्री होता, तो बोटाने चाखून सांगायचा झालाय की नाही, कॉन्ट्रॅक्टर रोज कपाळाला हात लावायचा की साहेब सिमेंट असतं तर एव्हाना रंग झाला असता.

कौलांची वेगळीच गंमत. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये, मग त्याच डिझाइनचे बरेच निघाले, आपल्या छपरावर तीन वेगवेगळ्या शिक्क्यांची कौलं सापडली. आजच्या कौलांची खाच त्यांच्यात बसत नाही. म्हणून धड असलेली सगळी जुनी कौलं पुढच्या उतारावर गोळा केली आणि मागे नवी. गल्लीतून बघणाऱ्याला फरक दिसत नाही, फणसावरच्या कावळ्यांना दिसतो.

एप्रिलच्या शेवटी अजून एक अडथळा. टीचर मालाडहून येऊन म्हणाल्या पुढचे बांबू चार दिवस काढा, अंगणात मिरच्या वाळत घालायच्यात, बाटली मसाल्याचे दिवस आहेत. मी म्हटलं टीचर यंदा भाचीकडेच करा. त्या म्हणाल्या ९८ वर्षं या अंगणात मसाला झालाय. चार दिवस बांबू काढले. बिलात ते 'स्कॅफोल्डिंग रिमूव्हल अँड रीइरेक्शन' म्हणून दिसतं.

## झालं काय

काम मे २०२४ अखेर संपलं. अंदाज ४८ लाखांचा होता, गेले ७१. जास्तीच्या २३ मधले निदान ९ लाख त्या ताडपत्रीच्या पावसाळ्याचे, भिजलेले वासे, परत लावलेले बांबू, टेलरच्या गाळ्याचं वाढीव भाडं. टेलर परत आला. त्याच्या हक्काला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहेच, पण त्याने स्वतःहून भाडं वाढवून दिलं, फार नाही, तरी दिलं.

आणि माझी दुसरी चूक. सगळा प्लॅन असा होता की टीचर वर राहतील आणि खालची अडगळीची बाजू भाड्याने देऊ. वरचं बाथरूम त्यांच्यासाठी केलं, पकडायचे दांडे वगैरे लावून. राहायला आल्या आणि आठव्या दिवशी म्हणाल्या, मला जिना चढवत नाही रे, गुडघे गेले. वर्षभर मालाडला लिफ्ट होती. इतक्या मीटिंगा झाल्या, जिन्याच्या झालरीच्या नक्षीवर दोन तास चर्चा झाली, पण त्या बाईंना रोज २२ पायऱ्या चढता येतील का हे एकदाही कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. खालच्या बाजूला परत बाथरूम, परत फरशी, साडेतीन लाख.

पण त्याने गणित उलट सुधारलं. वरचा मजला, हिरवा जिना, व्हरांडा, हे सगळं एका डिझाइन स्टुडिओला लीव्ह अँड लायसन्सवर दिलं, ३६ महिने. खालच्या अंधाऱ्या खोल्यांना त्याच्या निम्मंही भाडं आलं नसतं. टीचर खाली खिडकीत बसतात, स्टुडिओची मुलं वर जाता-येता त्यांना 'मॉर्निंग टीचर' म्हणतात. भाच्याने निवडलेल्या इंजिनिअरचा पहिला ऑडिट झाला, त्याने टोचणी वापरली, मी खास बघायला गेलो होतो.

## परत करायचं झालं तर

सह्या झाल्याशिवाय एक कौल उतरवणार नाही. पाऊस येतोय म्हणून घाई केली आणि पाऊस घरातच घेतला. त्या वर्षी जानेवारीत फक्त वरून चांगली शेड मारून, मोरी पाडून, तुळयांना टेकू देऊन थांबायला हवं होतं, खर्च दोन-अडीच लाख आला असता आणि अलमारी वाचली असती.

घरात राहणाऱ्या माणसाबरोबर एक अख्खा दिवस काढीन, सकाळी दूध घ्यायला खाली कोण जातं इथपासून.

भाच्याला पहिल्या दिवशी भेटेन. आम्ही सगळ्यांनी त्याला बिल्डरचा माणूस धरलं आणि सहा महिने त्याच्याशी फक्त वकिलाच्या भाषेत बोललो. त्याला हवं होतं ते एवढंच की पोरांच्या डोक्यावर काही पडू नये. कलम शेवटी एक ओळीचं निघालं.

२०१२ च्या त्या हरकतीबद्दल मी टीचरना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हा सगळे सही करत होते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केली असती, कारण बंधनं काय येणार ते प्रत्येक जण सांगत होता, बदल्यात काय मिळणार हे कुणी घरी येऊन समजावलं नव्हतं.

एक गोष्ट अजून चालू आहे. शेजारचे ते दोन प्लॉट आता विकले गेलेत, पत्रे लागलेत, पायाचं खोदकाम आपल्या दगडी भिंतीपासून नऊ फुटांवर होणार. मागच्या महिन्यात जाऊन भिंतीवरच्या जुन्या भेगांवर सात ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवून आलो, प्रत्येकीवर तारीख. भिंत हलली तर काच तडकते. टीचर रोज सकाळी काठी घेऊन त्या सात पट्ट्या बघून येतात आणि मला व्हॉट्सअॅप करतात, 'ऑल सेव्हन ओके'. खोदकाम दिवाळीनंतर सुरू होतंय.